चाळीस मिनिटांचं पाणी

९ सप्टेंबर

भाऊजी,

आशीर्वाद. फोनवर तुम्ही ‘हो वहिनी, बरं वहिनी’ म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतच शिकलेय, अक्षराला हसायचं नाही. तुमची बाराखडी मीच गिरवून घेतली होती. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तुम्ही सात वर्षांचे, नाक कायम गळकं. तेव्हापासून अहोजाहो करतेय, आता ‘तू’ म्हणायला जीभ वळत नाही.

तुम्ही विचारलंत, गावाला रोज किती तास पाणी मिळतं. आता एका गावाचं एक उत्तर कसं देऊ? नदीकाठच्या विहिरीतलं पाणी मोटर टाकीत चढवते. टाकीतून चार लाइनी निघतात. बाजाराची, शाळेकडची, खालच्या वस्तीची आणि आपल्या वरच्या आळीची. चारही चाव्या माझ्या हातात. तुमचे दादा गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं त्याला चौदा वर्षं झाली. गुडघे गेले, पण पाळी एकदाही चुकवली नाही.

वरची आळी चढावर आहे हे तुम्हाला काय सांगायचं, तिथेच लहानाचे मोठे झालात. टाकी काठोकाठ असली तरच पाणी तिथवर चढतं. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की नळातून नुसती हवा फुसफुसते. म्हणून टाकी भरली की पहिली चावी वरच्या आळीची. बावीस फेरे उघडायची, चाळीस मिनिटं ठेवायची, मग बंद करून बाकीच्यांकडे वळायचं. तेही दिवसाआड. दोनशे बारा घरं त्या चाळीस मिनिटांत दोन दिवसांचं पाणी भरतात. तेवढ्यात कुणी पाहुणा आला तर त्याला कोणी या-बसा म्हणत नाही. हे सगळं कुठल्या कागदावर नाही. दादांनी मला हाताला धरून शिकवलं, तेवढंच.

आता तुम्ही राजधानीत पाण्याच्या ऑफिसात आहात तर एक काम करा. चढावर दुसरी टाकी द्या. शेजारची शिंपीण भेटेल तेव्हा टोचते, ‘तुमचे भाऊजी साहेब झाले ना, मग आमच्या घागरी अजून रांगेतच कशा?’ काय सांगू तिला?

— वहिनी

२२ सप्टेंबर

ति. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे तुझं.

शिंपीणकाकूंना सांग, मी साहेब नाही. आमच्या ऑफिसात सतरा माणसं, मी दारापासून तिसऱ्या टेबलावर. सध्या आम्ही एक पुस्तक तयार करतोय. त्यात तीस गावांच्या पाण्याच्या योजना आहेत. मोठ्या कंपन्या ते वाचणार आणि कुठे पैसा घालायचा ते ठरवणार. सरकारकडे पाइप बदलायला पैसा नाही, म्हणून हा मार्ग. कंपनी मोटर, पाइप, टाक्या बांधते आणि पुढे तीस वर्षं पाणी विकून पैसा वसूल करते. यादीत आपलं गाव नव्हतं. मी घातलं. मसुद्यात वरच्या बाजूची दुसरी टाकीही मीच लिहिली आहे.

पण एक समजून घे. या लोकांसमोर हाल सांगून काही मिळत नाही. जिथे पाणी कमी, तिथे ते फिरकत नाहीत. विकता येईल असं पाणी दिसलं तरच पैसा घालतात. १३ ऑक्टोबरला त्यांची तुकडी येईल. चार माणसं, तीन दिवस. विहीर मोजतील, टाकी बघतील, लाइनींचा नकाशा काढतील. त्यावरच सगळं ठरणार. तेव्हा सगळं नीट दिसू दे. आणि कृपा करून तोंड आवर. तुझं तोंड मला ठाऊक आहे.

तुझा,
भाऊजी

१८ ऑक्टोबर

भाऊजी,

गेले तुमचे पाहुणे. तोंड आवरलं. तीन दिवस ‘येस सर’ आणि ‘चहा घ्या’ यापलीकडे बोलले नाही. पंपावरचा मिस्तरी म्हणाला, ‘बाई, घसा बसलाय का तुमचा?’

त्या चौघांत एक उंच बाई होती, तीच मुख्य. मोठी हुशार. विहिरीत दोरी सोडून पाणी मोजलं, टाकीवर स्वतः चढली. मला हात दिला, नाव विचारलं, म्हणाली, तुमच्यासारख्या माणसांमुळेच योजना चालतात. इतक्या वर्षांत आमच्या मोठ्या साहेबांनी हे कधी म्हटलं नाही.

आता तुम्ही ‘नीट दिसू दे’ म्हणालात, तर ते कसं दिसलं तेही ऐका. साहेब तपासणीला येणार म्हटलं की टाकी भरून ठेवायची, ही आमची जुनी रीत. दादाही करायचे. काटा भरलेल्यावर दिसला की साहेब खूश, आमची बोलणी वाचतात. ह्या वेळी जरा जास्तच केलं. पाहुण्यांच्या दोन दिवस आधीपासून वरच्या आळीचं पाणी बंद ठेवलं, थेट पाहुणे जाईपर्यंत. मोटर जळाली, उसन्या मोटरने टाकी अर्धीच भरते, म्हणून आळीत सांगितलं. त्यामुळे टाकी काठोकाठ, मोटरही कमी चालवली म्हणून विहीरही वर आली, आणि बाजाराचे नळ दिवसभर धो-धो. उंच बाई म्हणाली, ‘इतक्या छोट्या गावात इतकं पाणी!’ मी मान हलवली.

आळीने पाच दिवस कसे काढले ते विचारू नका. शिंपीण खालून घागरी वाहून कंबर धरून बसलीय. ‘मोटर जळाली’ म्हटल्यावर कोणी एक शब्द बोललं नाही, हेच मला लागलं. म्हटलं, दुसरी टाकी झाली की सगळ्यांना खरं सांगेन आणि हसवेन.

झाली ना टाकी आता?

— वहिनी

११ डिसेंबर

ति. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. पेढे वाट. तीस गावांतून नऊ निवडली, त्यांत आपलं गाव पहिलं. अहवालात लिहिलंय की आपल्या विहिरीत गावाच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट पाणी आहे. काल करारावर सह्या झाल्या. कंपनी फेब्रुवारीत ताबा घेईल. नोकऱ्या जाणार नाहीत, तुझीही नाही, तेवढं मी मुद्दाम घालून घेतलं.

मला दुसऱ्या टेबलावर बसवलं आहे. तुझी जाऊबाई म्हणते, वहिनींना एकदा इकडे आणा.

एक सांगायचं होतं. मागच्या पत्रात तू तपासणीच्या दिवसांचं जे लिहिलंस, तसलं यापुढे कागदावर लिहू नकोस. ते पत्र मी ठेवलेलं नाही.

तुझा,
भाऊजी

२० मार्च

भाऊजी,

तीन महिने गप्प बसले. तुम्ही म्हणालात कागदावर लिहू नकोस, म्हणून चार वेळा फोन केला. चारही वेळा तुम्ही मीटिंगमध्ये. मीटिंगला दार नसतं का हो?

कंपनी आली. पंपघराला रंग दिला, मला निळा शर्ट दिला, गळ्यात माझा फोटो अडकवला. मोटर नवीन आली, आवाज करत नाही. दादा असते तर खूश झाले असते. मग पांढरा जाडजूड पाइप आला. मला वाटलं वरच्या आळीकडे वळेल. तो वळला रस्त्यापलीकडे, नवीन कारखान्यांच्या वसाहतीकडे. जास्तीचं पाणी तिकडे विकणार म्हणे. म्हटलं, कुठलं जास्तीचं?

आता बाजार आणि कारखाने, दोन्ही लाइनी दिवसरात्र उघड्या. चावीला हात लावायचा नाही, सगळं पडद्यावर दिसतं असा हुकूम आहे. मी निळा शर्ट घालून पडद्यासमोर बसते. टाकीचा काटा अर्ध्याच्या वर एक बोटही जात नाही. म्हणजे वरच्या आळीला काय, ते तुम्हाला कळेलच. आज एकोणिसावा दिवस. थेंब नाही.

मी कंपनीच्या मॅनेजरकडे गेले. पोरगेला माणूस आहे, बोलायला गोड. तो म्हणाला, ‘कुठली आळी, ताई?’ भिंतीवरचा नकाशा दाखवला. बाजार आहे, शाळा आहे, खालची वस्ती आहे. वरती हिरवा रंग आहे. नुसता हिरवा. झाडी असल्यासारखा.

भाऊजी, आता जे सांगते ते कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही लिहिलं नव्हतं. वरच्या आळीच्या चावीचा खड्डा पंपघरासमोरच आहे. तो उघडा दिसला असता तर उंच बाईने विचारलं असतं, ही लाइन कोरडी का. म्हणून मी त्यावर फरशी टाकली, फरशीवर सतरंजी अंथरली आणि वर टेबलखुर्च्या मांडल्या. तीन दिवस तुमच्या पाहुण्यांनी त्या खड्ड्यावर बसून चहा प्यायला. बाईने विचारलंही होतं, वर काय आहे? मी म्हटलं, चढ आहे, जीप जात नाही, पाय दुखतील. मला भीती होती की वर गेल्या तर बायका रिकाम्या घागरी घेऊन त्यांच्या अंगावर येतील आणि तुमचं पुस्तक बुडेल.

तिने ज्या चाव्या पाहिल्या त्याच नकाशात काढल्या. तिची काय चूक?

चूक माझी. ती मी डोक्यावर घेते. तुम्ही फक्त नकाशा दुरुस्त करा. एक रेघ ओढायची आहे, पंपघरापासून चढापर्यंत. लवकर करा. बायका बाजारातून घागरी वाहताहेत, तिथेही रखवालदार एकीला दोनच भरू देतो.

— वहिनी

२ एप्रिल

ति. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं. नकाशा तुकडीने केला, आमच्याकडे तयार होऊनच आला. मला हे सगळं आता तुझ्याकडून कळतंय.

तुला वाटतं तितकं ते सोपं नाही. नकाशा कराराचा भाग आहे. त्यात रेघ वाढवायची तर गावाची गरज वाढते, गरज वाढली की जास्तीचं पाणी उरत नाही, आणि ते उरलं नाही तर कारखान्यांशी झालेला करार मोडतो. मग पुन्हा मोजणी होणार. पुन्हा मोजलं की पहिली मोजणी खोटी कशी निघाली, हे विचारतील. कोणी टाकी भरून ठेवली, कोणाच्या सांगण्यावरून ठेवली. तुझी नोकरी जाईल. बाकीच्या आठ गावांची कामंही याच कागदावर उभी आहेत, तीही थांबतील.

थोडी कळ काढ. मी आतून प्रयत्न करतो.

तुझा,
भाऊजी

१० एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. ‘आतून प्रयत्न’ म्हणजे काय करता, डोळे मिटून बसता?

मी परत मॅनेजरच्या खोलीत गेले. तो जेवायला गेला होता. नकाशा जवळून पाहिला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘तपासले’ असं आहे, त्यापुढे सही आहे आणि तारीख ४ नोव्हेंबर. सही ओळखायला मला शाळा लागत नाही. ती तुमच्या पाटीवर मी पाहिलीय, तेव्हाही शेवटची रेघ अशीच खाली ओढायचात.

सह्या झाल्या १० डिसेंबरला. म्हणजे महिना होता हातात. महिन्याभराहून जास्त! तेव्हा माझं आळी बंद ठेवल्याचं पत्रही तुमच्याकडे होतं, ठेवलेलं नसलं तरी वाचलेलं होतं. त्या नकाशावर तुम्ही आपलं घर शोधलं नाहीत? मी अडाणी, मी सगळ्यात आधी तेच शोधलं.

आणखी एक ऐका. काल भर दुपारी मिस्तरीला बाजूला उभा केला, फरशी सरकवली आणि वरच्या आळीची चावी उघडली. बावीस फेरे. निळ्या शर्टात. म्हटलं, काढतील तर काढतील. चाळीस मिनिटं उभी राहिले. वर आळीत पोरं नळाला कान लावून बसली होती. काही आलं नाही. टाकीत तेवढं पाणीच नाही तर चढणार काय? बंद करताना मिस्तरी म्हणाला, ‘बाई, उघडी असली काय, मिटली काय, एकच.’ चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातातल्या चावीला काही अर्थ उरला नाही.

मला पत्रातलं काही नको. तुम्ही या. आळीत उभे राहा. माझ्याबद्दल काय सांगायचं ते सांगा, मी तिथेच असेन. शिव्या खाऊ दोघं. पण त्यांना कळू दे की असं असं झालं, म्हणजे पुढे कोणाकडे दाद मागायची ते तरी त्यांना समजेल.

— वहिनी

१ मे

वहिनी,

खोटं लिहिलं होतं, माफ कर.

नकाशा माझ्या टेबलावर चार दिवस होता. पहिल्याच दिवशी घर शोधलं. पंपघरापासून बोटाने वर गेलो, वळणापर्यंत, आणि पुढे हिरवं. मी साहेबांकडे गेलो होतो, हे खरं सांगतो. म्हटलं, इथे वस्ती आहे, माझं घर आहे. त्यांनी विचारलं, ‘लाइन आहे का? मोजणीत दिसली का?’ मी म्हटलं, दिसली नाही. ते म्हणाले, ‘मग वस्ती आहे म्हणून कशावर लिहू? आणि लाइनच नाही तर वरची टाकी कशाला?’ माझ्यासमोर त्यांनी टाकीवर रेघ मारली. मला तेव्हा तुझं पत्र काढून दाखवता आलं असतं. ते माझ्या खिशात होतं. मी परत जागेवर आलो आणि ‘तपासले’ लिहिलं. मनात म्हटलं, वहिनी आहे तिथे, चावी तिच्या हातात आहे, ती आळीला कोरडं ठेवायची नाही.

मी येऊ शकत नाही. कराराचा आढावा सातव्या वर्षी आहे, त्याआधी कुणालाच काही बदलता येत नाही. साहेबांनाही नाही, कंपनीलाही नाही. मी नियम तीनदा वाचून काढले.

तू इकडे ये. जाऊबाईनेच आग्रह केलाय. खोली रिकामी आहे. नळाला पाणी असतं.

भाऊजी

२३ मे

भाऊजी,

जाऊबाईला सांगा, बोलावलंस हेच पुष्कळ. मी येणार नाही. दोनशे बारा घरांचं पाणी मी घालवलं आणि तुमच्या नळाखाली अंघोळ करू? माझ्याच्याने व्हायचं नाही.

सोमवारी खड्डा बुजवला. मॅनेजर म्हणाला, नकाशात नसलेला खड्डा रस्त्यात नको, कोणीतरी पडेल. आधी त्यांचा माणूस येणार होता. मीच म्हटलं, मी बघते. वाळू-सिमेंट कालवलं, चावीवर ओतलं, थापीने सारखं केलं. दुसरा कोणी आला असता तर चावीचा दांडा मोडून टाकला असता. मी तो तेल लावून, पोत्यात गुंडाळून मग बुजवला. कशासाठी, ते मला विचारू नका.

आळीत एकोणीस घरांना कुलपं लागलीत. ज्यांचे नातेवाईक खाली आहेत ते खाली गेले. बाकीच्यांनी काल सभा घेतली, राजधानीत अर्ज पाठवायचा ठरवलं. आणि लिहायला बसवलं मला! शिंपीण म्हणाली, ‘बाईला पाण्यातलं कळतं, अक्षर पण बरं आहे.’ एकाने विचारलं, हिच्या भाऊजींना का नाही सांगत? मी म्हटलं, त्यांची बदली झाली, ते आता रस्त्यांच्या ऑफिसात आहेत. तुमची बदली मी अशी उभ्या उभ्या केली.

छापील अर्ज आहे. रकाना एक, अर्जदार. दोन, पत्ता. तीन, तक्रार. चार, तक्रारीचे कारण. तीनपर्यंत सरसर लिहिलं. चाराशी पेन थांबलं. सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खरं लिहायचं तर काय काय लिहायचं ते मला पाठ होतं. पण ते लिहिलं तर पहिली मान तुमची जाते. तुम्ही सात वर्षांचे होतात तेव्हापासून मी तुम्हाला सांभाळलंय, दादांना शब्द दिलाय. तुमच्या मागोमाग माझी नोकरी जाईल, तिचं मला फारसं नाही. एकजण म्हणाली, ‘लिहा ना बाई, काय कारण?’ मी लिहिलं, माहीत नाही. मोठ्याने वाचूनही दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना खरंच माहीत नाही.

एकशे त्र्याण्णव सह्या आणि अंगठे आहेत. कुलूपवाली घरं सोडून. अर्ज तुमच्याच ऑफिसात येणार. तुमच्याच टेबलावर आला तर बघा.

— वहिनी

जावक क्र. ४१७
दिनांक १४ जून

प्रति,
अर्जदार व इतर १९२

विषय : पाणीपुरवठा बंद असल्याबाबत

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जात नमूद केलेली वस्ती करारासोबतच्या मान्य नकाशात आढळून येत नाही. सबब सदर वस्तीस पाणीपुरवठा करण्याचे दायित्व कंपनीवर येत नाही. तसेच रकाना क्र. ४ मध्ये तक्रारीचे कारण ‘माहीत नाही’ असे नमूद असल्याने याबाबत पुढील चौकशी करणे शक्य नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

संचालकांकरिता
(सही)

२२ जून

भाऊजी,

तुमचं उत्तर पोचलं. पोस्टमनने ते शिंपिणीच्या हातात दिलं, ती धावत माझ्याकडे घेऊन आली. सरकारी शिक्का पाहून तिला वाटलं काम झालं. पाच मिनिटांत आळी दारात जमली. पायरीवर, कट्ट्यावर, जागा मिळेल तिथे. मला मधे बसवलं आणि म्हणाल्या, वाचा.

वाचलं. ‘सबब’, ‘दायित्व’ कोणाला कळलं नाही, ते सोपं करून सांगितलं. आपण नकाशात नाही म्हणून पाणी नाही, असं म्हटलं. एक म्हातारा हसायला लागला. म्हणाला, ‘मी ऐंशी वर्षं इथे राहतोय, मला कोणी कळवलं नाही.’ मग सगळेच हसले. थोडा वेळ.

रकाना चारचं वाक्य मी गाळलं. डोळे त्यावरून गेले आणि खालच्या ओळीवर उतरले. आम्ही लिहिलेल्या दोन शब्दांवरच तुम्ही चौकशीचं दार लावलंत. मी लिहिले नसते तर तुम्हाला ते लावता आलं असतं का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतेय. मला वाटतं, तुम्ही दुसरं काहीतरी शोधलं असतंत. पण शोधावं लागलं असतं.

मग शिंपिणीने कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला. तिला वाचता येत नाही, पण सहीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘हे कोण साहेब? ह्यांनाच जाऊन भेटू या. माणूस आहे, समजावून सांगू. नाव काय ह्यांचं?’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सही अगदी स्पष्ट आहे, भाऊजी. शेवटची रेघ खाली ओढलेली.

मी म्हटलं, अक्षर लागत नाही.

‘साहेब लोकांच्या सह्या अशाच,’ ती म्हणाली, आणि कागद घडी करून पोलक्यात ठेवला. मग म्हणाली, आपलंच काहीतरी लिहायचं राहिलं असेल, त्यांना नीट कळलं नसेल. दुसरा अर्ज करू. बाई लिहितील.

उद्या दुपारी बसायचं ठरलंय. तिने दोन कोरे अर्ज आणून माझ्या फळीवर ठेवलेत. एक लिहिताना चुकला तर दुसरा हाताशी असावा म्हणून.

— वहिनी